उकंडरावांच्या पेरूची साक्ष

आमच्या ख्रिस्ती मंडळीत प्रभुभोजनाचं, म्हणजे भाकरीच्या तुकड्यांचं आणि द्राक्षरसाचं, ताट कोकिळाबाईंपाशी कधी थांबलं नाही. एसटीत शेजारच्याने पुढे केलेले फुटाणे आपण नको म्हणतो, तितक्याच सहजपणे त्या ते ताट पुढे सरकवत. विचारलं तर म्हणत, "द्राक्षाच्या रसानं मले अ‍ॅसिडिटी होते." भाकरीच्या तुकड्याने काय होतं, हे कोणी विचारलं नाही. पिंपळगाव राजातली आमची मंडळी एवढीशी. एवढ्याशा मंडळीत फार विचारलं की माणसं कमी होतात.

मग यंदा त्यांच्या पित्ताशयात खडे निघाले. मंडळीला बरं वाटलं, म्हणजे बाई खरं बोलत होती. अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, ऑपरेशन लहान आहे, सोमवारी भरती व्हा, आठवड्याच्या आत घरी. कोकिळाबाईंचे मालक लहान ऑपरेशनलाच गेले होते. त्यामुळे बाईंनी ऐकताक्षणी ठरवून टाकलं की आपण मरणार, आणि मरण्याआधीच्या रविवारी ताट आपल्यापाशी थांबलं पाहिजे.

शनिवारी दुपारी त्या पास्टरांच्या घरी आल्या, तेव्हा मी तिथेच होतो. मी मंडळीचा सेक्रेटरी. खामगावच्या कॉलेजात इतिहास शिकवतो, त्यामुळे होऊन गेलेल्या गोष्टी मला समजतात असा लोकांचा गैरसमज आहे. पास्टर शेखर पारधे नगरकडचे, तरुण, पाळकांच्या सेमिनरीत पहिले आलेले. पहिला आलेला माणूस आमच्याकडे का पाठवला, हे त्यांनाही अजून कळलेलं नाही.

"मले पाप कबूल कराचं आहे," कोकिळाबाई खुर्चीवर बसता बसता म्हणाल्या.

पास्टरांनी माझ्याकडे पाहिलं. "सर, आपण जरा बाहेर..."

"राहू द्या सरले. उद्या मी मेली न तुमची बदली झाली, तं कोणाले तरी माहीत पायजे." त्यांनी पदर सारखा केला. "उकंडभाऊचा पेरू म्या मारला."

पास्टरांनी उठून दार लोटलं.  बाहेर कोणाची तरी बकरी ओरडत होती.

उकंडरावांचा पेरू हे आमच्या मंडळीचं एकमेव वैभव आहे. बाकी टिनाचं छप्पर, एक पेटी आणि अठरापगड बाकं. वीसेक वर्षांपूर्वी उकंडराव जन्माने ख्रिस्ती आणि वागण्याने कोणीच नव्हते. प्यायचे, भांडायचे, आणि धाकट्या भावाच्या, कचरूच्या, वाट्याचं नाल्याकाठचं शेत त्यांनी दाबून ठेवलं होतं. बापाने मरताना आपल्याला तोंडी दिलं, असं म्हणायचे. एका संध्याकाळी कचरू चार माणसं घेऊन अंगणात आला आणि म्हणाला, शपथ घे. उकंडरावांनी अंगणातल्या पेरूच्या झाडावर हात ठेवला. "मी खोटं बोलत असन तं हे झाड वाळून जाईन." झाड तेव्हा फळांनी लगडलेलं होतं. शपथ घेतली, शेत राहिलं, कचरू रडत गेला.

पंधरवडा गेला नसेल, झाड वाळलं.

नुसतं वाळलं नाही, शेंड्यापासून बुडापर्यंत कोळसा झालं. उकंडराव त्याच्या बुडाशी आडवे पडून ओरडले म्हणतात. दारू सोडली, शेत कचरूला दिलं, मंडळीत आले, पंच झाले. बायबलात प्रभूने अंजिराचं झाड शाप देऊन वाळवल्याची गोष्ट आम्ही ऐकून होतो. आमच्याकडे तर झाडच होतं. चिखलीपासून माणसं ते खोड बघायला यायची. दरवर्षी ठरलेल्या रविवारी उकंडराव साक्ष देत, पाऊण तास. झाडाची पानं कशी एकेक करून गळाली, हे सांगताना त्यांचा आवाज कापायचा. आणि तो ठरलेला रविवार नेमका उद्या होता.

"मारला म्हणजे?" पास्टरांनी विचारलं.

"म्हणजे मारला. बुडाची माती काढली, विळ्यानं खोडाले खाचा मारल्या, न शेतात मारासाठी आणलेलं तणनाशक त्याच्यात ओतलं. निव्वळ. पाणी न टाकता. वरतून माती लोटली."

"पण का?"

"कुरडया!" बाईंचा आवाज चढला, जणू कालचीच गोष्ट. "माह्या माळवदावर झाडाच्या फांद्या. वटवाघळं रात्री येत, अर्धे पेरू खात, न बाकीचे माह्या कुरडयांवर. शाळेतले पोट्टे गोटे मारत, ते माह्या छपराच्या कवेलूवर. त्याले सांगतलं तं पिऊन हासे. म्हणे, देवाचं फळ आहे, गोड मानून घे. त्या सकाळी सगळ्या कुरडया नासल्या. म्हटलं, आता घे गोड मानून."

"शपथ ऐकून तुम्हाला राग आला होता का?" पास्टरांच्या आवाजात थोडी आशा होती. त्यांना बहुधा देवाच्या न्यायाचं साधन वगैरे काहीतरी सापडत होतं.

"कायची शपथ? मी सकाळी ओतलं. त्यानं शपथ घेतली संध्याकाळी. मी भजे तळून राह्यली होती, मले भिंतीपलीकडून ऐकू आलं. म्हटलं, बोल बे, बोल. झाड तं आता जातेच."

पास्टरांनी डोळे मिटले. मला वाटलं प्रार्थना करताहेत. ते हिशोब लावत होते. सकाळी तणनाशक, संध्याकाळी खोटी शपथ, मग झाड वाळणं, मग पश्चात्ताप. यात देव कुठे बसवायचा, ते त्यांना सापडत नव्हतं. सेमिनरीत हा प्रश्न आला नसावा.

"इतकी वर्षं सांगितलं का नाही?"

"आधी म्हटलं भांडण होईन. मग त्यानं दारू सोडली. आता सांगतलं तं पुन्हा धरन, म्हणून नाही सांगतलं. मग तो पंच झाला. मग चिखलीचे लोकं येऊ लागले." त्यांनी नाक ओढलं. "दरवर्षी तो साक्ष देते, सारे आमेन म्हणतात, न मलेही म्हणा लागते. ते एक पाप वरतून."

पास्टर उठले, बाईंच्या डोक्यावर हात ठेवला आणि प्रार्थना केली. चांगली केली. देव विश्वासू आहे, जो कबूल करतो त्याला तो धुऊन काढतो, आता काही शिल्लक नाही, अशा अर्थाची. मलाही जरा हलकं वाटलं, माझा काही संबंध नसताना.

"झालं," पास्टर म्हणाले.

"काय झालं?"

"क्षमा झाली. उद्या प्रभुभोजन घ्या."

"इतक्या लवकर?" बाई संशयाने त्यांच्याकडे पाहत राहिल्या. "अन् पाणी?"

इथे पाण्याचं सांगितलं पाहिजे. आमच्या मंडळीत रीत आहे, कोणी घातली माहीत नाही. ज्याचं बिघडवलं त्याच्या घरी जायचं, तोंडाने सांगायचं, आणि त्याच्या हातून ग्लासभर पाणी प्यायचं. ते पाणी पोटात गेलं की क्षमा. आमच्या आज्यांना गावातली माणसं वरून, लांबून, ओंजळीत पाणी ओतायची. त्यामुळे हातातून हातात दिलेला ग्लास आमच्याकडे बोलण्यापेक्षा मोठा. पास्टरांनी या रीतीवर आल्या आल्या प्रवचन केलं होतं. क्षमा देवाकडून मिळते, ग्लासातून नाही. मंडळीने मनापासून आमेन म्हटलं, आणि पुढच्याच शनिवारी दोन घरी पाणी पिऊन झालं.

"देवाचं झालं, बरं झालं," कोकिळाबाई म्हणाल्या. "पण पेरू देवाचा नव्हता. उकंडभाऊचा होता."

"पण तुम्ही त्यांना सांगितलंत तर त्यांची सगळी..." पास्टर अडले. मग माझ्याकडे वळले. "सर, तुम्हाला काय वाटतं?"

"मला चहा प्यावासा वाटतो," मी म्हणालो. ते खरं होतं.

चहा झाला नाही. बाई उठून चालू लागल्या होत्या.

उकंडराव अंगणातच होते. खोडाला ताजा चुना दिलेला, भोवती विटांचं कडं, वर टिनाची पाटी: पाहा आणि पश्चात्ताप करा. उकंडराव समोर खाटेवर बसून उद्याची साक्ष पुटपुटत होते. त्यांच्या बायको सत्यभामाबाई ओट्यावर तूर पाखडत होत्या.

"या, पास्टरसायेब! सर! अन् कोकिळा, तू काऊन उन्हात फिरून राह्यली? तुले परवा चिराचं आहे न?"

"त्यासाठीच आली, भाऊ," कोकिळाबाई म्हणाल्या, आणि उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. कुरडया, विळा, तणनाशक. भजीसुद्धा.

उकंडरावांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग प्रेमाने हसले. पास्टरांपेक्षा जास्त पास्टरासारखे.

"आजारात मन असंच होते, बाई. सैतान काहीबाही डोक्यात घालते. त्या झाडाले माणसाचा हात नाही लागला. ते वरतून वाळलं."

"बुडातून वाळलं, भाऊ. म्या वाळवलं."

"तुह्यानं काय वाळते व? तुह्यानं कपडे नाही वाळत पावसाळ्यात."

"मले माफी दे न पाणी पाज. मले उद्या ताट घ्याचं आहे."

"माफ कराले झालं काय? तू काही केलंच नाही. खोटं बोलली त्याची माफी पायजे असन तं देतो."

कोकिळाबाई हतबल होऊन पास्टरांकडे वळल्या. एवढी वर्षं लपवलेलं पाप हातात घेऊन त्या उभ्या होत्या, आणि ते कोणी घेत नव्हतं. पास्टर म्हणाले, "उकंडराव, समजा की..."

"विटा काढा," कोकिळाबाई म्हणाल्या. "मातीखाली खाचा आहेत."

"हात नको लावू त्याले!"

पण त्या बसल्याही होत्या. पित्ताशयात खडे असलेली बाई विटा उपसत होती आणि पंच तिच्या हाताला धरून ओढत होते. मी विटा काढू लागलो, कारण नुसतं बघणं फारच वाईट दिसत होतं. माती भुसभुशीत होती. बुडाशी चुना पोचला नव्हता. लाकडात विळ्याच्या खाचा होत्या, तिरप्या, रागाने मारलेल्या. कोणीही त्यांना दुसरं काही म्हणू शकलं नसतं.

"उंदरानं कुरतडलं," उकंडराव म्हणाले.

"विळा घेऊन आला होता काय उंदीर?" हे सत्यभामाबाई बोलल्या, सुपातून मान वर न करता. "हिनंच मारलं. मी पाह्यलं होतं."

आता उकंडराव वळले. "तू?"

"मोरीत होती. भिंतीच्या फटीतून दिसे. म्हटलं, ही काय करून राह्यली बुडाशी? संध्याकाळी बुडाशी औषधाचा वास आला, तेव्हा समजलं. झाड माह्या माहेरचं, संग्रामपूरहून रोप आणलं होतं मी. चांगली झिंज्या धराले निघाली होती हिच्या. पण तेवढ्यात कचरूभाऊजी आले, न तुम्ही शपथ घेतली. म्हटलं, थांब सत्यभामे. काय होते ते पाहू."

"अन् पंधरा दिवस तू..."

"झाड वाळत गेलं न तुमची बाटली सुटत गेली. मी काऊन तोंड उघडू? झाड गेलं, नवरा आला. मले सौदा पटला."

"वहिनी, तुम्हाले माहीत होतं?" कोकिळाबाई खालीच बसल्या. "मी दरसाल आमेन म्हणून म्हणून मरून राह्यली, न तुम्हाले माहीत होतं?"

"मी कुठं आमेन म्हटलं आतापर्यंत? पाह्य आठवून. मी त्या वेळी खोकलत असते."

मी आठवून पाहिलं. खरंच, त्या खोकायच्या.

सत्यभामाबाई आत गेल्या, ग्लासभर पाणी घेऊन आल्या आणि कोकिळाबाईंपुढे धरला. "घे. झाड माहं होतं."

कोकिळाबाईंचा हात पुढे आला. त्याच्या आधी उकंडरावांचा आला. त्यांनी ग्लास घेतला आणि पाणी खोडाच्या बुडाशी, त्या उघड्या खाचांवर ओतून टाकलं. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. मग खाटेवर बसले आणि पास्टरांकडे पाहिलं. त्या वेळी ते फार म्हातारे दिसले.

"पास्टरसायेब, मग तेव्हा मले माफी कोणं केली?"

"देवाने."

"पण राग तं हिचा होता. राग हिचा, कुरडया हिच्या, औषध हिचं. मी भेलो ते हिले भेलो. मग माफी देवाची कशी?"

  "मी... अभ्यास करून सांगतो," ते म्हणाले.

"अन् शेत? शेत तं मी देवाले भिऊन दिलं कचरूले."

"गप बसा," सत्यभामाबाई म्हणाल्या.

परत येताना कोकिळाबाई एकच वाक्य बोलल्या. "पाणी नाही भेटलं." पास्टर त्यांना पुन्हा समजावू लागले की वर क्षमा झालेली आहे. त्या मान हलवत होत्या, पण घशाला कोरड पडलेल्या माणसाला विहिरीचं चित्र दाखवल्यासारखं ते होतं. मी इतिहास शिकवतो. मला दोन्ही बाजू बरोबर वाटतात आणि त्याचा कोणालाही काही उपयोग होत नाही.

रविवारी टिनाच्या छपराखाली जागा नव्हती. चिखलीची माणसं आली होती, जीप करून. कोकिळाबाई नेहमीच्या बाकावर, नवं लुगडं नेसून. मरायचं म्हणून ठेवलेलं असावं. उकंडराव पुढच्या बाकावर, पंचांच्या जागी. त्यांनी रात्रीत काय ठरवलं, कोणाला माहीत नव्हतं. सत्यभामाबाईंनाही नाही. मी डोळ्यांनीच विचारलं तेव्हा त्यांनी खांदे उडवले.

पास्टरांनी कृपेवर प्रवचन केलं. मध्येच दोनदा थांबले. पुलपिटाच्या मेजावरचा त्यांचा पाण्याचा ग्लास तसाच भरलेला राहिला, प्यायचं भान नव्हतं. मग ते म्हणाले, "आता आपले पंच उकंडराव साक्ष देतील," आणि हे वाक्य म्हणजे आपलीच चूक असल्यासारखे बाजूला झाले.

उकंडराव पुढे येऊन उभे राहिले. चिखलीच्या एकाने मोबाइल वर धरला.

"माह्या अंगणात पेरू होता," उकंडराव म्हणाले. दरवर्षी सुरुवात हीच. आम्ही पाऊण तासासाठी सरसावून बसलो. "तो वाळला."

ते थांबले. पुढे पानं गळायची होती. गळेनात.

"तो कोणं वाळवला, ते मले कालपर्यंत माहीत होतं. आता माहीत नाही. म्हणजे माहीत आहे, पण... ते जाऊ द्या." त्यांनी डोळे पुसले. "मी खोटं बोललो होतो. भावासंग. ते मले कोणं ओतून दिलं नव्हतं. ते माहं होतं. एवढीच साक्ष आहे."

मंडळी वाट बघत राहिली. आमेन कुठे म्हणायचं, हे कोणाला कळेना. चिखलीवाल्याने मोबाइल हलवून पाहिला, त्याला वाटलं तो बंद पडला. त्या शांततेत एकच आवाज आला, "आमेन." सत्यभामाबाईंचा होता. खोकला नव्हता.

उकंडराव जागेवर जायला निघाले. मग वळले, पुलपिटावरचा पास्टरांचा ग्लास उचलला आणि पाणी सांडू न देता बाकांच्या मधून चालत कोकिळाबाईंपाशी गेले.

"घे व," ते म्हणाले. "पण पुन्हा माह्या झाडाले हात लावशील तं पाह्य."

"आता कोणतं झाड आहे तुह्यापाशी?"

"लिंबू लावणार आहे."

"भिंतीपासून दूर लाव."

त्यांनी ग्लास घेतला आणि सगळा प्यायल्या, न थांबता, एखाद्या लहान मुलीसारख्या. शेवटचा थेंब जिभेवर पडेपर्यंत मान मागे टाकून.

ताट मीच फिरवत होतो. कोकिळाबाईंपाशी आलो तेव्हा सवयीने ते पुढे सरकवायला माझाच हात हलला. त्यांनी मनगट धरलं. तुकडा घेतला, रस घेतला, आणि डोळे मिटून बसल्या. अ‍ॅसिडिटी झाली नाही.

उकंडरावांपाशी आलो तर ते ताटाकडे बघत बसले. मग हळूच मला विचारलं, "सर, मी घेऊ काय?"

"मला कशाला विचारता?" मी कुजबुजलो. "मी सेक्रेटरी आहे."

मागच्या रांगेत चुळबूळ सुरू झाली. त्यांनी एकदा पास्टरांकडे पाहिलं. पास्टर टिनाच्या छपराकडे बघत होते. मग उकंडरावांनी तुकडा उचलला, पण ज्याची परवानगी कोणी दिलीही नाही आणि नाकारलीही नाही अशी वस्तू उचलावी, तसा. आणि त्या दिवशी ताट सगळ्यांपाशी थांबलं.

चिखलीवाले जेवून गेले. जाताना एकाने विचारलं, झाड बघायचं का? उकंडराव म्हणाले, बघा, पण आता त्यात बघण्यासारखं काही नाही. तरी त्यांनी फोटो काढले.

कोकिळाबाईंचं ऑपरेशन झालं. लहानच निघालं. आठवड्याच्या आत त्या परत आल्या, बऱ्या झालेल्या आणि थोड्या ओशाळलेल्या. एवढी तयारी करून गेलेल्या माणसाला परत येताना तसं होतंच. पास्टरांचा अभ्यास अजून चालू आहे. उकंडराव अधूनमधून जाऊन विचारतात, सापडलं का. पास्टर म्हणतात, जवळ आलो आहे.

पाटी सत्यभामाबाईंनी काढून टाकली. खोडावर आता कोकिळाबाईंची कुरडयांची टोपली असते, तिथे ऊन चांगलं येतं. खोडाला पालवी वगैरे फुटलेली नाही. तेव्हा तणनाशक चांगलं मिळत असे.